गोरेवाडा पाहून आलो, गोष्ट गेली गिधाडांवर

सोनू: काल नागपूरचं गोरेवाडा प्राणिसंग्रहालय झालं. बसची सफारी. अस्वल पार काचेजवळ आलं, वाघ मात्र झाडाखाली पालथा. लेकरं "उठ ना रे" करून करून थकली 😄

मोठे बाबा: वाघ पाहाले नागपूरले गेले? आपल्या धुऱ्यावर फुकट बसते तो.

मावशी: फोटो टाक न बाबू. पण बिचाऱ्याले कोंडून काय भेटते, मले तं पाहवत नाही.

सोनू: पिंजरा नोहे मावशी, कुंपणातलं जंगलच हाय. सगळा पसारा १९०० हेक्टरच्या वर. अन् खरं काम बसमधून दिसतच नाही. तिथं रेस्क्यू सेंटर हाय, पब्लिकले आत जाऊ देत नाही. गडचिरोलीतल्या वडसाकडचा सीटी-१ वाघ आठवते न? २०२२ मधी धरला, तिथंच नेला.

मोठे बाबा: तेरा माणसं मारली त्यानं. मग सरकारी मटण सुरू झालं.

भाऊजी: बाबा, वाघ धरून ठेवला म्हणजे वाचवला असं मीबी म्हणत नाही. माणसाले सरावलेला वाघ परत सोडणं कठीणच. पण गिधाडांचं पाहा. हरियाणातल्या पिंजोरले २० वर्षांवर झाले, मोठ्या जाळीत जोड्या ठेवून पिल्लं वाढवतेत. वर्षाले एकच अंडं, कोंबडी नोहे ते! त्यातली २० गिधाडं जानेवारी २०२४ मधी आपल्या पेंच अन् ताडोबात आणली. आधी जाळीत ठेवून हवापाणी अंगी लावलं, मग सोडली.

मोठे बाबा: हाव, गिधाडं! नाल्यापलीकडं मेलेला बैल टाकला का सांजेपर्यंत निरी हाडं उरत. आता कुत्रे चार-चार दिवस ओढतेत, वास गावात.

सोनू: मी तं एकबी पाहिलं नाही राजेहो.

भाऊजी: कुठून पाहशील? ढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅकची सुई मारत. ते ढोर मेलं, गिधाडानं खाल्लं, का त्याच्या किडन्या गेल्या. २००६ मधी ढोरांसाठी बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची शंभरातली नव्व्याण्णव संपली होती. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅमची सुई चालते, त्यानं गिधाड मरत नाही.

मावशी: अगं बाई! आमच्या लंगड्या गोऱ्ह्याले परवा सुई मारली एकानं. कोणती ते कोणाले माहीत.

भाऊजी: शिशी फेकली का?

मावशी: नाही जवाईबापू, गोठ्यात कवेलूत खोचली हाय. थांबा, फोटो टाकते.