मे महिन्यात नागपुरात सांतोरिनीची सेंद्रिय पांढरी वाईन: ठेवायची कुठे, उघडायची कशी?

धरमपेठी
ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची बाटली आहे. असिर्तिको द्राक्षं, अल्कोहोल १३.५ टक्के, लेबलवर सेंद्रियचं हिरवं पान, खरं बूच. जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ जणांत उघडायची आहे. तोवर महिनाभर कुठे ठेवू? घरात एसी एकाच खोलीत आणि तोही रात्रीच, बाकी कूलर. उजेडात धरली तर तळाशी साखरेसारखे कण दिसतात, म्हणजे बिघडली का? सेंद्रिय म्हणजे सल्फाइट (वाईन टिकवणारं गंधकी द्रव्य) नसणार ना? दोघं जण पक्के शाकाहारी आहेत. आणि ज्वालामुखीच्या मातीतली म्हणजे चवीत नेमकं काय येतं? सोबत सावजी मागवायचा विचार आहे.

बूच_आणि_बाटली
आधी ती फ्रीजमध्ये टाका, बाकी चर्चा मग. कूलरच्या भरवशावर राहू नका भाऊ. बाहेर ४४ असताना कूलरची खोली २८-३०च्या खाली फारशी जात नाही, आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तेवढंही जमत नाही. एसी रात्री चालू आणि दिवसा बंद, हे तर आणखी वाईट: रोज वाईन फुगते-आकसते, बूच हलतं, हवा आत शिरते.

भाजीचा कप्पा सगळ्यात बरा, तिथे साधारण ७-८ अंश असतात. बाटली आडवी ठेवा. दारातल्या रॅकवर नको, दर उघडझापीला तिथलं तापमान बदलतं. महिनाभरात बूच वाळत नाही. उन्हात उभ्या कारमध्ये दहा मिनिटंही ठेवू नका. आधीच तापलेली आहे का ते बाहेरून कळतं: बूच काठाच्या वर आलेलं, टोपणाखाली चिकट ओघळ. उघडल्यावर रंग तपकिरीकडे झुकलेला आणि शिजलेल्या सफरचंदाचा वास आला, तर ती गेली. त्यावर उपाय नाही.

प्रयोगशाळा
कणांची काळजी नको. ते पोटॅशियम बायटार्टरेट, म्हणजे द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचं मीठ. थंडीत ते विरघळलेलं राहत नाही. बरेच उत्पादक बाटलीत भरण्याआधी वाईन शून्याखाली काही अंश नेऊन हे कण आधीच पाडतात. कमी ढवळाढवळ करणारे ही पायरी गाळतात. असिर्तिकोत आम्ल भरपूर, त्यामुळे कण दिसणं साहजिक. आदल्या दिवशी बाटली उभी करा, शेवटचे दोन चमचे ओतू नका, झालं.

सल्फाइट मात्र असतंच. युरोपीय नियमांत कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) पांढऱ्या वाईनला एकूण २०० मिलिग्रॅम प्रति लिटर चालतं, सेंद्रियला १५०. कमी, शून्य नव्हे. ज्याला सल्फाइटने दम लागतो त्याने सेंद्रिय पाहून निर्धास्त होऊ नये. पानाखाली जीआर-बीआयओ आणि पुढे आकडे असा संकेत असतो, तो तपासणी संस्थेचा. तो नसेल तर पानावर भरवसा ठेवू नका. मळ्यात गंधक आणि तांबं सेंद्रियलाही चालतं, तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे.

शाकाहाराचा मुद्दा वेगळा. गढूळपणा काढायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीतलं जिलेटिनसारखं द्रव्य वापरतात, आणि सेंद्रिय शिक्क्याने हे बंद होत नाही. लेबलवर व्हीगन लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय हमी देऊ नका. पुष्कळ जण बेंटोनाइट वापरतात, ती निव्वळ माती आहे.

काळी_माती
आणि गंमत बघा, बेंटोनाइट म्हणजे बहुतांशी मॉन्टमोरिलोनाइट. ज्वालामुखीची राख मुरून ते चिकणमातीचं खनिज बनतं. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीत याच गटातलं खनिज आहे, म्हणून ती पावसात फुगते नि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. सांतोरिनीच्या मळ्यात नेमकं हेच नसतं. तिथे सैल राख आणि प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), चिकणमाती जवळजवळ नाही. फिलॉक्सेरा नावाचा मुळं खाणारा किडा अशा मातीत टिकत नाही, म्हणून तिथल्या वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. युरोपात बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटावर कलम करावं लागतं.

त्यामुळे “ज्वालामुखीची माती” एवढ्याने काही कळत नाही. सीताबर्डीची टेकडीही बेसाल्टचीच, म्हणजे थिजलेल्या लाव्हाची, नाशिकचे मळेही दख्खनच्या बेसाल्टवर. फरक सैल राख की मुरलेली चिकणमाती, यात आहे.

तिथे पाऊस कमी आणि वारा बेफाम. म्हणून वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत वेटोळं वळून टोपली करतात, तिला कुलुरा म्हणतात, घड आतल्या बाजूला. रात्रीचं समुद्री धुकं प्युमिस धरून ठेवतं. पीक हेक्टरी फार थोडं येतं, किंमत तिथूनच चढते. उलट कोरड्या वाऱ्यामुळे बुरशी कमी, त्यामुळे सेंद्रिय शेती तिथे तुलनेने सोपी. स्पेनच्या लांझारोते या ज्वालामुखी बेटावर तऱ्हा वेगळी: १७३०-३६च्या उद्रेकाच्या राखेत खड्डे खणून एकेक वेल, भोवती अर्धगोल दगडी बांध.

चवीत लाव्हा शोधू नका. मुळं दगडाची चव ओढून घेत नाहीत. तुम्हाला लागेल ते लिंबासारखं ताठ आम्ल, थोडा खारटपणा, आणि तोंडात जाणवणारा भरीवपणा. असिर्तिको कडक उन्हात पिकूनही आंबटपणा सोडत नाही, तिची खरी ओळख हीच. उघडल्यावर जळक्या काडीचा वास आला तर तो ज्वालामुखीचा नव्हे, किण्वनात बनलेल्या गंधकी संयुगांचा. दहा-पंधरा मिनिटं ग्लासात फिरवा, बहुधा उडतो.

धरमपेठी
छान. पण फ्रीजमधून काढल्यावर किती वेळाने ओतू? आणि सावजीचं काय?

बूच_आणि_बाटली
१० ते १२ अंश. त्याहून थंड झाली की फक्त आंबट लागते. भाजीच्या कप्प्यातून काढून दहा मिनिटं पुरे. त्या दिवसांत खोलीच पस्तिशीची असेल. आठ जणांत ७५० मिलि म्हणजे प्रत्येकी नव्वदेक. दोनदा ४५-४५ ओता, मोठा पेग गरम होतो. बाटली अर्धं बर्फ अर्धं पाणी अशा बादलीत ठेवा. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या फटी राहतात. फ्रीझरमध्ये विसरलात तर उणे पाच-सहाला गोठायला लागते आणि बूच वर येतं.

तर्री_नको
सावजी नका मागवू राजेहो. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, आणि लवंग, मिरी, दगडफूल यांच्यापुढे ही वाईन दबून जाते. सांबारवडी करा. बेसनाचं कुरकुरीत कवच, आत कोथिंबीर-खोबरं, तळणीचं तेल: आम्ल ते तेल कापतं. रश्शाशिवायची पाटवडी, वडाभात हेही जमतं, फोडणीत मिरची बेताची. संत्रा बर्फी शेवटी, वाईन संपल्यावरच. गोडावर ही कोरडी वाईन निव्वळ चिंच लागते.

प्रयोगशाळा
एक राहिलं. ओतताना धुरकट दिसली तर लगेच फेकू नका. प्रथिनं पुरती काढलेली नसतील तर उष्णतेने ती गोळा होतात, दिसायला वाईट पण निरुपद्रवी. कोरड्या, न फसफसणाऱ्या वाईनमध्ये जिभेवर बुडबुडे आणि यीस्टचा वास दोन्ही असतील, तर बाटलीत पुन्हा किण्वन झालंय, ती ओतून द्या. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा. पाहुण्यांसोबत वर्ध्याला मात्र पाठवू नका, तिथे दारूबंदी आहे.