मदत हवी आहे: घरी बनवलेल्या कॅरियरचा वेल्ड सारखा तडकतोय

मंडळी, मित्राच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये माझ्या एक्सपल्स २०० बाईकला मागचं सामानाचं कॅरियर आम्हीच बनवलं. एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पाईप, १.६ मिमी जाडी, आर्क वेल्डिंग. (चहाचा खर्च पाईपपेक्षा जास्त झाला असेल.) दिसतं झकास, पण जव्हार रस्त्याला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा डाव्या ब्रॅकेटपाशी तडा. तोही वेल्डमध्ये नाही, अगदी कडेला, पाईपवरच. सामान जेमतेम ८ किलो.

मित्र म्हणतो, जाड पाईप घे. मला वाटतं सगळा हादरा एकाच जोडावर येतोय, तिथे त्रिकोणी पट्टी हवी. आर्कऐवजी मिग वेल्डिंगने (गॅसच्या आवरणात तार वितळवून करतात ते) फरक पडेल का? की ब्रॅकेटखाली रबर बुश टाकू? कोणी केलंय का असं? येत्या शनिवारी हरिहर किल्ल्याला निघायचंय, पायथ्यापर्यंत तरी टिकू दे.