प्रतिसाद: अलास्काच्या उत्तरेकडच्या नद्यांचे नकाशे

वर कुणीतरी विचारलंय की सॅटेलाइट असताना तिथे नकाशाचं काय काम उरलंय, तर भरपूर उरलंय हो! कॅनिंग नदीचंच घ्या, अर्नेस्ट लेफिंगवेल नावाचा माणूस 1906 ते 1914 मधला बराचसा काळ तिथल्या किनाऱ्याजवळच्या फ्लॅक्समन बेटावर केबिन बांधून राहिला, कुत्र्यांची स्लेज आणि छोटी होडी घेऊन फिरला आणि त्या किनाऱ्याचा नि नदीखोऱ्याचा पहिला नीट नकाशा केला, तो छापून आला 1919 ला. जमिनीतल्या बर्फाच्या पाचरी कशा तयार होतात तेही त्यानेच मांडलं, मला तर हा माणूस फार मोठा वाटतो. नंतर एका मैलाला एक इंच स्केलचे सरकारी नकाशे आले, पण उंचीत गडबड राहिलीच. ब्रूक्स रेंज या तिथल्या डोंगररांगेतलं सगळ्यात उंच शिखर चेंबरलिन की इस्तो यावर जुन्या नकाशांचं एकमत नव्हतं, आणि हे पक्कं कधी झालं तर 2014 मध्ये विमानातून फोटो घेऊन केलेल्या मोजणीत! इस्तो उंच निघालं, साधारण 2736 मीटर. आता रडारने केलेली उंचीची मोजणी आहे, ढग असले तरी चालते. पण या नद्या गाळावर अनेक फाट्यांनी वाहतात आणि फाटे जागा बदलत राहतात, त्यामुळे तिकडे राफ्टिंगला जाणाऱ्यांनी नकाशातल्या पात्राच्या रेघेवर विसंबू नये, पाणी बघूनच ठरवावं.