मदत हवी आहे: लिंबाची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या

निपाणीजवळ परसात, काळ्या चुनखडीच्या मातीत कागदी लिंबू आहे. कुंडीत नाही, त्यामुळे हलवता येणार नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. जुनी पानं ठीक, म्हणजे नत्र किंवा मॅग्नेशियम कमी नसावं; ते आधी जुन्या पानांवर दिसतं. नागअळी, मावा नाही. बुंध्याला डिंकही नाही.

पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. दुपारी पानं वळतात म्हणून आई रोज पाणी घालते (ऐकत नाही!). पण वीतभर उकरलं तर खाली चिखल, कुबट वास.

लोह कमी असेल म्हणून फेरस सल्फेट (लोहाचं खत) बुंध्याशी घालून पाहिलं, फरक शून्य. अशा मातीत ते लागूच पडत नाही म्हणे.

आता आधी पाणी तोडू की चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारू? झाड फुलोऱ्यात आहे, फवारणीनं फुलं गळतील का?