‘फॉल्ट काढणे’ म्हणजे शोधणे की दुरुस्त करणे?

तारतंत्री: नेटवर्क टेक्निशियन लोकांसाठीचं एक मॅन्युअल मराठीत करतेय. त्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आधी फॉल्ट नक्की कुठंय ते ठरवायचं, मग तो नीट करायचा. पहिल्या पायरीला मी ‘फॉल्ट काढणे’ लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी लाल करून परत पाठवलं. म्हणे काढणे म्हणजे काढून टाकणे, वाचणारा थेट जॉइंट उघडायला बसेल. आमच्या सांगलीकडे तर लाईनमन फॉल्ट काढतोय म्हणजे अजून शोधतच असतो. कोण बरोबर?

खांबावरचा: बाई चुकल्या. माग काढणे, पत्ता काढणे, चुका काढणे, यात कोण काय काढून टाकतं? सासू सुनेच्या चुका काढते म्हणजे दुरुस्त करते का :)

मधलीआळी: आणि काटा काढणे, डाग काढणे? दात काढणे तर दोन्हीकडे चालतं, डेंटिस्ट काढतो आणि आपणही काढतो.

शुद्धमती: मुळात फॉल्ट कशाला? ‘दोषस्थाननिश्चिती’ लिहा, संपला विषय.

खांबावरचा: ताई, रात्री 2 वाजता पावसात खड्ड्यात उतरलेल्या पोराला फोनवर हे म्हणून दाखवा. आमच्यात साहेब विचारायचे, ‘फॉल्ट निघाला का?’ आणि आम्ही म्हणायचो ‘निघाला, करायचाय अजून.’ एकदा ओटीडीआरने 11 किलोमीटरच्या पुढे तुटल्याचं दाखवलं, आम्ही रस्ता मोजून तिथे खणलं तर केबल शाबूत. ते मशीन प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतं, किलोमीटरला साधारण 10 मायक्रोसेकंद, पण ते काचेच्या तंतूचं अंतर, रस्त्याचं नाही. चेंबरमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात ती कोण वजा करणार! खरा कट बराच अलीकडे, जेसीबीने गटार खणलं होतं तिथे. तेव्हा काढणे म्हणजे शोधणे, आणि तेच अवघड काम आहे, जोडायला काय, स्प्लाइसर असला की झालं.

पाकीटमार: (नेटवर्कमध्येच आहे, नावावर जाऊ नका) तारेच्या कामाला ठीक, पण आमच्याकडे ट्रेसरूट मारतात, म्हणजे डेटाचं पाकीट कुठल्या राउटरांवरून जातं ते बघायची कमांड. पाकिटाचा टीटीएल (किती राउटरांपर्यंत जगायचं तो आकडा) 1, मग 2, मग 3 ठेवत जायचं, ज्या राउटरवर तो संपतो तो ‘इथे मेलं’ असा निरोप पाठवतो. मध्ये निरोपाऐवजी तारका (* * *) दिसल्या की नवी पोरं ओरडतात फॉल्ट निघाला म्हणून, आणि बऱ्याचदा तो राउटर नुसता उत्तर देत नसतो, पाकिटं मजेत पुढे चाललेली असतात. मी ‘माग काढणे’ म्हणेन, माग मुळात मार्गावरूनच आलाय, रूटला याहून जवळचं काय मिळणार?

शुद्धमती: मग दोषाचा माग म्हणा की. किंवा बिघाडाचा.

पाकीटमार: दोष आणि बिघाड एक नाही हो. एक केबल तुटली की कंट्रोल रूममध्ये शेकड्याने अलार्म येतात, ते सगळे बिघाड, दोष एकच. आणि स्थान म्हणाल तर 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास बंद होतं, तार कुठेच तुटली नव्हती, मेंटेनन्सची एक कमांड चुकली आणि त्यांचे रूटच इंटरनेटवरून गायब झाले. त्यांची फॉल्ट शोधायची टूल्ससुद्धा त्यातच बंद पडली. तिथे तुमची स्थाननिश्चिती कुठल्या खड्ड्यात करणार?

मधलीआळी: बिघाड तसाही फारसी ना? बेकार, बेइमान तसा बे-घाट.

शुद्धमती: काहीही! विघटन मधला वि आणि घट् धातू, त्यावरून बिघडणे.

तारतंत्री: अहो फाईल उद्या द्यायचीय. ‘फॉल्टची जागा शोधणे’ लिहू का?

खांबावरचा: लिहा, पण ‘निघाला’ला काय लिहिणार? फॉल्ट निघाला म्हणजे सापडला की गेला?

मधलीआळी: ते असू दे, वि आणि घट् म्हणताय तर घडणे पण त्यातलंच का?