टूरिंगसाठी देशी सायकल घेऊ की बाहेरची? (गगनबावडा–मालवण–आंबोली)

पंचगंगाकाठ: जानेवारीत कोल्हापूर–गगनबावडा–मालवण–वेंगुर्ला–आंबोली–आजरा असा फेरा एकट्यानं करायचाय. तंबू धरून सामान १६-१७ किलो. बजेट ३५ हजार. दुकानात देशी हायब्रिड बघितली: स्टील फ्रेम, २१ गिअर. मित्र म्हणतात, वर्षभर थांब आणि बाहेरचीच घे. अनुभवी मंडळींनी सांगावं.

घाटवेडा: थांब भावा. खऱ्या टूरिंग सायकलचा मागचा भाग लांब असतो, पेडल मारताना टाच बॅगेला घासत नाही. मागचं कॅरेज बसवायची भोकंही फ्रेमला जागच्या जागी असतात.

उद्यमनगरचा लेथवाला: टाचेचं खरं आहे, बॅगा जरा मागं सरकवून बांधाव्या लागतात. पण त्यासाठी वर्ष घालवू नकोस. मुळात 'बाहेरची' म्हणजे कुठली? सर्ली ही अमेरिकन कंपनी, तिची डिस्क ट्रकर ही टूरिंग सायकल तैवानमध्ये बनते. आपल्या देशी सायकलीवरचे गिअर बहुतेक शिमानोचेच, म्हणजे जपानी कंपनीचे. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलीवरचं आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के झालं. ते पैसे देऊन रस्त्यावर काही जास्त मिळत नाही.

देशी सायकल मार खाते ती मागच्या चाकात. माझ्या पहिल्या हायब्रिडचा मागचा ऍक्सल (चाकाच्या मधला दांडा) आंबोलीखाली दाणोलीजवळ वाकला. चाक ब्रेकला घासायला लागलं, मला वाटलं चाकाला आउट आलाय (रिम वाकडी झालीय), म्हणून तारा आवळत बसलो. दिवस गेला. ऍक्सल का वाकतो ते समजून घे: मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा दोन तऱ्हेचा, फ्रीव्हील आणि कॅसेट. फ्रीव्हील हबावर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी बसतं, माझं तसलंच होतं. त्या हबात उजवीकडचा कोन (छर्रे धरणारा नट) आणि छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात. तिथून फ्रेमपर्यंत साडेतीन-चार सेंटिमीटर ऍक्सल बिनआधाराचा राहतो आणि सगळं वजन त्यावर येतं. कॅसेट हबात तेच छर्रे बाहेरच्या टोकाला असतात.

तरी देशीच घे म्हणतो. वडापनं (शेअर जीपनं) सावंतवाडीला गेलो तर साध्या दुकानात तसला ऍक्सल मिळाला, तासाभरात परत रस्त्यावर. फ्रेमला चीर गेली तर स्टील आपल्या उद्यमनगरात जोडून मिळतं. ॲल्युमिनियम जोडलं तरी वेल्डिंगच्या कडेला मऊ पडतं, त्याला परत उष्णता-प्रक्रिया लागते. ती सोय वाटेत कुठली?

मी नंतर ३६ तारांचं कॅसेट हबाचं चाक विणून घेतलं, साडेसहा हजार गेले. त्या चाकावर आंबोली तीनदा चढलोय, तार एकही तुटलेली नाही.

पंचगंगाकाठ: काका, मग गिअर-शिफ्टरपण बदलायला लागतात का?

उद्यमनगरचा लेथवाला: नाही रे. आठ चकत्यांच्या हबावर साडेचार मिलिमीटरची वॉशर घालून सात चकत्यांची १२-३२ कॅसेट (सगळ्यात लहान चकती १२ दातांची, मोठी ३२) बसते. शिफ्टर तेच. पुढं २८ दातांची चकती असली तर सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जाशील. १४-२८ च्या फ्रीव्हीलवर तेच २.१७; आकडा कमी तेवढा चढ हलका. हा फरक बावड्याकडं जाताना नाही, पण आंबोली चढताना पाय आपणच सांगतील.

दुकानात गेलास की मागच्या चकत्या उलट्या फिरव. टोकाची खाचांची रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघालं तर भाव तोडतानाच ते साडेसहा हजार धरून बोल.


पंचगंगाकाठ: उद्याच जातो. चकत्या फिरवून इथंच कळवतो.