शब्दचर्चा: ‘थकवा’ लिहावं की नाही? (बोलणाऱ्यांची नावं म्हणजे नागपुरातल्या त्यांच्या वस्त्या)

धरमपेठ: एमई/सीएफएसच्या, म्हणजे महिनोन्महिने न जाणाऱ्या, थोड्या श्रमानेही बळावणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या अभ्यासासाठी मराठी प्रश्नावली करायची आहे. ‘थकवा येतो का?’ विचारलं तर मे महिन्यात नागपुरात ‘नाही’ कोण म्हणेल? नेमका शब्द सुचवा.

महाल: भाऊ, आधी हा आजार कुणाला आहे म्हणायचं, त्याचे निकष कोणते ते ठरवा. १९९१च्या ऑक्सफर्ड निकषांत ६ महिन्यांचा, कामधाम अडवणारा थकवा पुरे होता, त्यामुळे नैराश्याचे रुग्णही त्यात शिरतात. १९९४च्या फुकुदा निकषांत ८पैकी ४ लक्षणं लागतात. श्रमानंतर ढासळणं हे त्या आठांतलं एक, म्हणजे नसलं तरी चालतं! २००३च्या कॅनडाच्या निकषांत ते सक्तीचं झालं, २०१५च्या अमेरिकी निकषांतही. निकष बदलले की नमुन्यातली माणसंच बदलतात.

सक्करदरा: म्हणून खरी अडचण ‘थकवा’ची नाहीच, ‘पोस्ट-एक्झर्शनल मलेझ’ची, म्हणजे त्या श्रमानंतर ढासळण्याची आहे. ‘श्रमोत्तर थकवा’ नको. दमला, झोपला, सकाळी ताजातवाना, हाही श्रमोत्तर थकवाच की. इथे त्रास अनेकदा १२ ते ४८ तासांनी उसळतो आणि दिवसच्या दिवस टिकतो. शब्द सोडा, प्रसंग विचारा: ‘बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) तासभर फिरलात, रात्री ठीक होतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरलंत का? किती दिवस?’ बँकेचे कागद भरणं, पाहुण्यांशी बोलत बसणं हेही श्रमात धरा. नाहीतर लोक ‘आम्ही कुठे कष्टाचं काम करतो’ म्हणून प्रश्न सोडून देतात.

धरमपेठ: ‘श्रमपश्चात कोसळ’?

सक्करदरा: अहवालात चालेल. प्रश्नात नको, भोवळ येऊन पडणं असा अर्थ घेतील. उभं राहिल्यावर होणाऱ्या त्रासासाठी ‘चक्कर’ही टाळा, घर फिरतं तीही चक्करच. ‘उभं राहिलं की अंधारी येते, आडवं झालं की बरं वाटतं’ असं लिहा.

महाल: आणि ‘मज्जातंतूंची दुर्बलता’ चुकूनही नको. तो न्यूरॅस्थेनिया या जुन्या निदानाचा, ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिरातींतला शब्द. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात न्यूरॅस्थेनिया एफ ४८.०, मानसिक विकारांत. एमई जी ९३.३, मज्जासंस्थेच्या विकारांत. एका शब्दाने प्रकरणच बदलतं.

सक्करदरा: थकव्याची दुसरी कारणं वगळायला हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि विदर्भ आहे म्हणून सिकलसेलही आधी तपासा. ‘६ महिन्यांपासून?’ असं विचारलं की लोक अंदाजे हो म्हणतात. होळीच्या सुमारास विचारत असाल तर ‘मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपुरी मिरवणुकीच्या) आधीपासून की नंतर?’ विचारा, हिशेब बरोबर बसतो.